ओळंबा आणि आसन

दरवर्षी २१ जून उजाडला की वणीसारख्या तालुक्याच्या गावीही मैदाने भरतात. सतरंज्या अंथरल्या जातात, शाळांची मुले गणवेषात रांगा धरून बसतात, ध्वनिक्षेपकावरून सूचना सुटू लागतात, आणि तासाभरात छायाचित्रे आटोपून मंडळी न्याहारीस पांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये हा दिवस मुक्रर केला आणि २०१५ पासून तो सर्वत्र पाळला जातो. या उत्सवाविषयी आमच्या मनात आकस नाही. दुखणे अंथरुणास खिळवीपर्यंत स्वतःच्या शरीराकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या आपल्या समाजात वर्षातून एक दिवस का होईना, त्याची आठवण होते, हे इष्टच आहे. परंतु त्या दिवशी मैदानात जे घडते आणि त्यानंतर सुशिक्षितांच्या बैठकीत जे बोलले जाते, त्या दोहोंत योगाविषयीचे इतके गैरसमज एकत्र नांदतात की त्यांचा परामर्श एकदा घेतल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

अशाच एका बैठकीत पुण्याच्या अय्यंगार पद्धतीचा विषय निघाला असता एका वयोवृद्ध व व्युत्पन्न गृहस्थांनी असा अभिप्राय दिला की, भिंत, दोर आणि खुर्ची यांच्या आधाराने करावयाचा तो योग म्हणजे पांगळ्यांचा योग. त्यात तत्त्वज्ञान नाही, कवायत आहे. आणि ती कवायतही कालपरवाची आहे. उपस्थित मंडळींनी माना डोलाविल्या. गृहस्थांविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. त्यांचे संस्कृताचे ज्ञान आमच्याहून पुष्कळ अधिक आहे. तरीही त्या एका वाक्यात तीन आक्षेप आहेत, ते तिन्ही सुशिक्षित वर्गात रूढ आहेत, आणि आमच्या मते ते तिन्ही चुकीचे आहेत. म्हणून त्यांचा क्रमाने विचार करू.

प्रथम ज्या पद्धतीविषयी वाद आहे ती काय आहे हे सांगितले पाहिजे. बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार यांचा जन्म १९१८ च्या डिसेंबरात कर्नाटकातील बेल्लूर या खेड्यात झाला. मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी त्यांचे बालपण पोखरले होते. बहिणीचे यजमान तिरुमलै कृष्णमाचार्य हे म्हैसूरच्या राजवाड्याच्या आश्रयाने योग शिकवीत. त्यांच्याकडे हा मुलगा राहिला, आणि १९३७ साली वयाच्या अठराव्या वर्षी शिक्षक म्हणून पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर आला. शिकवावयाचे होते ते शिष्य बहुधा त्याच्याहून धडधाकट. स्वतःचे शरीर दुबळे, आणि गुरू शेकडो कोस दूर. अशा माणसास एकच शिक्षक उरतो, तो म्हणजे स्वतःचा देह. टाच अशी ठेवली तर काय होते, खांदा तसा वळविला तर श्वास कोठे अडतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे आपल्यावरच पडताळून पाहिले. १९६६ साली त्यांचे 'लाइट ऑन योग' हे पुस्तक निघाले. त्यात दोनशे आसने आणि सुमारे सहाशे छायाचित्रे आहेत. १९७३ साली निवर्तलेल्या पत्नी रमामणी यांच्या नावाने पुण्यात उभारलेली संस्था १९७५ साली सुरू झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. तेव्हा जन्माने कानडी आणि मातृभाषेने तमिळ असला तरी हा पुरुष सत्त्याहत्तर वर्षे पुण्याचा होता, आणि त्याच्या कामाचा हिशोब मराठी माणसाने मराठीत मांडणे क्रमप्राप्त आहे.

या पद्धतीचे मर्म ज्या गोष्टीत आहे तिला इंग्रजी शिकलेले लोक अलाइनमेंट म्हणतात. आपल्याला हा शब्द उसना घेण्याचे कारण नाही. आपल्या गवंड्याजवळ ओळंबा असतो. दोरीच्या टोकास वजन बांधून तो ती भिंतीलगत सोडतो, आणि वीट अर्धा बोट बाहेर आली असली तरी दोरी ते तत्काळ सांगते. अय्यंगारांनी जे केले ते इतकेच की त्यांनी आसनास ओळंबा लावला. पाऊल, घोटा, गुडघ्याची वाटी, कटी, पाठीचा कणा, खांदा, मान यांतील प्रत्येक अवयव आपापल्या जागी आहे की नाही, एका बाजूने काम केले तेव्हा दुसरी झोपली आहे की काय, याची तपासणी त्यांनी आसनाचा मुख्य भाग केला.

आता पहिला आक्षेप: ही कवायत आहे, यात तत्त्वज्ञान नाही.

पतंजलीच्या योगसूत्रांची संख्या पाठभेदाने १९५ वा १९६ मानली जाते, आणि त्यांतली आसनावर खर्च झालेली अवघी तीन आहेत. आक्षेपक या आकड्याचा पुरावा म्हणून उपयोग करतात: ज्यास महर्षींनी तीनच सूत्रे दिली त्याचा एवढा बडिवार कशाला? पण त्या तिहींत काय सांगितले आहे ते पाहण्याची तसदी ते घेत नाहीत. आसन स्थिर असावे आणि सुखाचे असावे, हे पहिल्याचे तात्पर्य. प्रयत्न सैल पडल्याने आणि चित्त अनंताशी एकरूप झाल्याने ते साधते, हे दुसऱ्याचे. आणि मग शीतोष्णादी द्वंद्वे माणसास पिडीत नाहीत, हे तिसऱ्याचे. वाचकांनी ही गोष्ट घरी करून पाहावी. पाच मिनिटे स्थिर बसा, म्हणजे सुख जाते. पाठ दुखते, पाय बधिर होतो. सुखाने बसा, म्हणजे स्थैर्य जाते. कणा पोक काढतो आणि थोड्याच वेळात कूस बदलावीशी वाटते. सामान्य शरीरात स्थैर्य आणि सुख ही एकमेकांची वैरी आहेत. पतंजली तर दोन्ही एकाच वेळी मागतो, आणि शिवाय प्रयत्न सैल करा म्हणतो! हे व्हावे कसे?

याचे उत्तर गवंड्यास ठाऊक आहे. ओळंब्यात असलेली भिंत आपल्याच भाराने उभी राहते. तिला टेकू लागत नाही. कललेल्या भिंतीस मात्र अहोरात्र कोणीतरी धरून ठेवावे लागते. शरीराचेही तसेच आहे. भार हाडांनी योग्य रेषेत पेलला तर स्नायूंना सुटी मिळते. रेषा चुकली की मान, कंबर आणि खांदे बिचारे दिवसभर टेकूचे काम करीत राहतात, आणि संध्याकाळी आपण म्हणतो की आज काही न करताच थकलो. म्हणजे स्थैर्य आणि सुख यांचा तह जर कोठे होत असेल तर तो शरीराच्या बरोबर मांडणीतच होतो. अय्यंगारांची मांडणी ही त्या सूत्रांची अवहेलना नव्हे. ती त्या सूत्रांवरील हाडामांसाची टीका आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानास बसणाऱ्याने धड, मस्तक आणि मान एका रेषेत ठेवावीत असे सांगितले आहे. आणि ज्ञानदेवांनी त्याच अध्यायावर लिहिताना आसन कोठे घालावे, टाच कोठे दाबावी, भार कसा तोलावा, याचे वर्णन इतक्या बारकाईने केले आहे की आजच्या शिक्षकाने त्यावरून वर्ग घ्यावा. ज्ञानदेवांवर कवायतीचा आरोप अद्यापि कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता आणखी एक पायरी पुढे जाऊ. त्रिकोणासन घ्या. पाय फाकून उभे राहावयाचे, उजवे पाऊल बाहेर वळवावयाचे, आणि उजव्या बाजूस झुकून उजवा हात नडगीकडे न्यावयाचा. ध्वनिक्षेपकावरून एवढेच सांगता येते. पण शिक्षक जवळ उभा असला तर तो म्हणेल: उजव्या गुडघ्याची वाटी आत वळली, ती पावलाच्या रोखाने आणा. ती आणली की ध्यानात येते की डाव्या टाचेची बाहेरची कड जमिनीवरून उचलली गेली. ती दाबली की कळते की श्वास कोंडला आहे. श्वास सोडला की कळते की तो कोंडण्याचे कारण शरीरात नव्हतेच. शेजारच्या माणसाचा हात जमिनीस टेकला होता आणि आपलाही टेकावा ही हाव मनात होती. पाहा, टाचेपासून निघालेली तपासणी कोठे येऊन पोचली! सांख्य आणि योग या दर्शनांनुसार माणसाच्या दुःखाचे मूळ असे की पाहणारा आणि पाहिले जाणारे यांची त्याच्या ठायी गल्लत झालेली असते. जी टाच आजवर 'मी' होती तिच्याकडे पाहता आले म्हणजे ती दृश्य झाली. मग श्वास दृश्य होतो. मग ती हावही दृश्य होते. बाहेरून आत जाण्याचा हा जिना आहे, आणि त्याची पहिली पायरी टाच आहे म्हणून तो जिना नव्हे असे म्हणणे तर्कास धरून नाही. हात जमिनीस न टेकताच टेकल्यासारखा दाखविणे हे असत्य आहे. तो टेकविण्यासाठी गुडघ्यावर बळजोरी करणे ही हिंसा आहे. यमनियम हे आसनाच्या आधीचे धडे असून ते पाठ झाले की पुढे जावयाचे, अशी समजूत असेल तर ती सोडावी. अय्यंगारांचे म्हणणे असे की आठही अंगे एकाच आसनात आचरता येतात. आणि आम्हांस ते पटते.

ज्यांस शास्त्रापेक्षा शेत जवळचे आहे त्यांच्यासाठी दुसरा दाखला देतो. आमच्या भागात सोयाबीन वा ज्वारी तिफणीने पेरतात तेव्हा तास सरळ पडावेत म्हणून शेतकरी जिवाचे रान करतो. का? सरळ तास दिसावयास सुंदर दिसतात म्हणून नव्हे. तास वाकडे पडले तर पुढे डवरणीच्या वेळी डवऱ्याची पास पिकावरच चालते आणि तणाबरोबर रोपही कापले जाते. रेषा ही पुढच्या कामासाठी असते. आसनातील रेषाही प्राणायामासाठी आणि चित्ताच्या निगराणीसाठी आहे. ती नुसती छायाचित्रासाठी ओढणारा मनुष्य तासांवर खूष होऊन डवरणीच विसरलेल्या शेतकऱ्यासारखा होय. अशी माणसे आहेत, आणि पुष्कळ आहेत. पण त्यांच्यामुळे तिफण वाईट ठरत नाही.

दुसरा आक्षेप आम्हांस अधिक बोचतो: दोर, पट्टा, वीट आणि खुर्ची यांच्या मदतीने केलेला तो पांगळ्यांचा योग.

विद्वत्तेच्या अंगाने पाहिले तरी हा आक्षेप टिकत नाही. योगसूत्रांवरील सर्वांत प्राचीन उपलब्ध भाष्य व्यासांचे. त्यात आसनांची जी थोडी नावे दिली आहेत त्यांत पद्मासन, वीरासन यांच्या पंक्तीस 'सोपाश्रय' हे एक नाव आहे. सोपाश्रय म्हणजे आधारासहित. वाचस्पतिमिश्रांनी त्याचा अर्थ लावताना योगपट्टाचा, म्हणजे बसलेल्या योग्याच्या गुडघ्यांभोवती गुंडाळावयाच्या पट्ट्याचा, उल्लेख केला आहे. त्याच यादीच्या शेवटी 'यथासुख' असेही एक नाव आहे. हंपीच्या भव्य नरसिंहमूर्तीच्या गुडघ्यांभोवती हा पट्टा कोरलेला आहे. तो ज्यांनी पाहिला त्यांस पुण्यातील पट्टा परका वाटण्याचे कारण नाही. आणि एवढ्या दूर जावयाचे नसेल तर सज्जनगडावर जावे. समर्थांची कुबडी तेथे भाविकांस दाखवितात. जपाच्या वेळी हात तोलून धरणारी ती कुबडी समर्थांच्या हाती होती म्हणून समर्थांस कोणी पांगळे म्हटले काय?

तरीही हा वाद पोथ्यांवर निकालात काढावा असे आम्हांस वाटत नाही, कारण येथे खरा प्रश्न वेगळाच आहे. योग कोणासाठी? ज्याचे शरीर आधीच लवचीक आहे, ज्याच्या सांध्यांस वंगण आहे, ज्यास वीस वर्षांचे वय लाभले आहे, त्यासच तो करता येत असेल, तर तो योग नव्हे, तो वारसाहक्क झाला. आमच्या या गावाभोवती पाहा. कापूस वेचणारी बाई कमरेस ओटी बांधून महिनोन्‌महिने वाकलेली असते. निंदणाच्या दिवसांत तीच बाई उकिडवी बसून दिवस काढते. वणीच्या कोळसाखाणींत यंत्रावर बसणाऱ्या माणसाची कंबर हादऱ्यांनी खिळखिळी होते. शाळेत तीस वर्षे उभी राहिलेली शिक्षिका निवृत्त होते तेव्हा तिचे गुडघे तिच्या आधीच निवृत्त झालेले असतात. अशा माणसास मैदानात बसवून पश्चिमोत्तानासन करा म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. त्याच माणसास टेबलावर हात टेकवून, पाय भिंतीशी सोडवून, कणा लांब करावयास शिकविले तर त्यास आयुष्यात प्रथमच कळते की आपल्या पाठीत अजून जागा आहे. आमच्या परिचयाच्या एका साठी उलटलेल्या बाईंनी एका लाकडी खुर्चीच्या आणि दोन घोंगड्यांच्या आधाराने प्रथम पाच मिनिटे छाती उघडून श्वास घेतला, आणि डोळे पुसून त्या म्हणाल्या, "भाऊ, इतका मोठा श्वास मी लग्नानंतर घेतलाच नव्हता." या वाक्यापुढे पांगळ्यांचा योग हा शेरा आम्हांस फार दरिद्री वाटतो. कमान बांधताना तिच्याखाली लाकडी आधार उभारतात आणि चुना धरला की तो काढून घेतात. तो आधार कमानीची नामुष्की नव्हे. तो नसता तर कमान झालीच नसती.

येथे अतिशयोक्तीपासून सावध राहणे आमचेही कर्तव्य आहे. योगाने अमुक रोग समूळ जातो, तमुक औषध फेकून द्या, असे सांगणारे बाजारात ढीगभर आहेत. त्यांच्या रांगेत आम्ही उभे राहणार नाही. वैद्यकीय प्रयोगांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने जुनाट कंबरदुखीवरील योगाच्या १२ प्रयोगांचा, म्हणजे १०८० व्यक्तींचा, आढावा २०१७ साली प्रसिद्ध केला. त्या प्रयोगांत अय्यंगार पद्धतीचे प्रयोग बरेच होते. निष्कर्ष असा की काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या मानाने योग करणाऱ्यांची हालचाल तीन आणि सहा महिन्यांनी थोडीशी ते मध्यम प्रमाणात सुधारली; आणि काहींची पाठदुखी वाढलीही. एवढेच. हे यश लहान आहे, पण खरे आहे; आणि पाठदुखी वाढलेल्यांचा उल्लेख तर आमच्या पुढील मुद्द्यास पुष्टीच देतो. बरोबर केलेली गोष्ट जर गुण देते तर चुकीची केलेली अपाय देणारच. ज्या औषधाने कधीच अपाय होत नाही ते बहुधा औषध नसते.

तिसरा आक्षेप: हे सारे कालपरवाचे आहे.

होय, पुष्कळसे आहे! येथे आम्ही आक्षेपकांशी भांडत नाही. आम्ही भांडतो ते पाच हजार वर्षांची दवंडी पिटणाऱ्या भक्तांशी. हठप्रदीपिका हा पंधराव्या शतकातील ग्रंथ. त्यात पंधरा आसनांचे वर्णन आहे आणि त्यांतली बहुतेक बसून वा पडून करावयाची आहेत. त्यानंतरच्या घेरंडसंहितेत बत्तीस आहेत. आज ज्यास योगाचे बोधचिन्ह समजतात ते त्रिकोणासन या दोहोंतही नाही. कृष्णमाचार्यांनी १९३०नंतरच्या दशकात म्हैसुरास जे शिकविले त्यात जुनी परंपरा होती, त्यांची स्वतःची प्रतिभा होती, आणि त्या काळच्या आखाड्यांचा व व्यायामशाळांचा वाराही होता. त्या वाऱ्याची आम्हां वऱ्हाडकरांस तरी लाज वाटू नये. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे; त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. तिकडे लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून आसन आणि प्राणायाम यांस क्ष-किरणांच्या आणि मोजपट्टीच्या कसोटीवर धरले. ही सर्व माणसे एकाच प्रश्नाने पछाडलेली होती: पारतंत्र्याने खचलेला हा देह पुन्हा उभा कसा करावा? त्यांनी जुन्या बियाण्यावर नवे कलम केले. नवे आहे म्हणून खोटे, हे ज्यांस पटते त्यांनी मराठी कादंबरी, मराठी नियतकालिके आणि खुद्द मराठी निबंध यांचाही त्याग करावा, कारण ही सारी एकोणिसाव्या शतकाची अपत्ये आहेत. परंपरेचा मान तिचे वय फुगवून वाढत नाही. उलट, वयाची खोटी कागदपत्रे सादर करणारा मनुष्य आपल्या खऱ्या मिळकतीवरचाही हक्क गमावून बसतो.

आक्षेपकांचे हे तीन मुद्दे झाले. परंतु ज्या मैदानापासून आम्ही आरंभ केला तेथे आता परत गेले पाहिजे, कारण योगाची खरी हानी आक्षेपकांकडून होत नसून उत्साही समर्थकांकडून होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०१५ साली दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ लोकांनी एकत्र आसने केली आणि त्याची विश्वविक्रम म्हणून नोंद झाली. त्या आकड्यात डोकी मोजली आहेत. पण त्यांतल्या किती माना बरोबर ठेवलेल्या होत्या, हे मोजण्याची सोय कोणत्याही विक्रमपुस्तकात नाही. तेच खेड्यापर्यंत झिरपले आहे. चबुतऱ्यावरील निवेदक 'आता पुढे वाका' म्हणतो. त्याच्यापुढे शेकडो पाठी आहेत आणि त्यास एकही दिसत नाही. कोणाच्या मणक्यातील चकती सरकली आहे, कोणाचा रक्तदाब चढा आहे, कोणाच्या डोळ्यातील दाब वाढलेला आहे, कोणती बाई गर्भार आहे, हे त्यास ठाऊक नाही. गीता अय्यंगार यांनी, ज्यांचे २०१८ च्या डिसेंबरात निधन झाले, स्त्रियांच्या ऋतुकाळात आणि गर्भारपणात आसने कशी बदलावीत याचा विचार करण्यात आयुष्य वेचले; मैदानातील ध्वनिक्षेपकास त्याची वार्ताही नाही. त्यास सर्व देह एकच आहेत. आणि नेमके हेच आम्हांस अयोग वाटते. योगाचा आरंभ पाहण्यात आहे. आणि जेथे शिक्षक पाहत नाही तेथे शिष्यही स्वतःकडे पाहावयास शिकत नाही. तो फक्त चबुतऱ्याकडे पाहतो.

आता आमच्याच पक्षाकडे वळतो, कारण घरचे दोष झाकून परक्यांस उपदेश करणे आम्हांस शोभणार नाही. ओळंब्याचा साचा होण्यास वेळ लागत नाही. ओळंबा भिंत सरळ आहे की नाही एवढेच सांगतो. सर्व भिंती एकाच उंचीच्या असाव्यात असे तो म्हणत नाही. पण या पद्धतीचे काही पंतोजी छायाचित्रातील आसन हेच परब्रह्म समजून प्रत्येक देह त्यात कोंबू पाहतात. कोणाच्या मांडीचे हाड खुब्यात खोल बसलेले असते, कोणाचे उथळ; जन्माने मिळालेल्या या फरकास आळस म्हणून हिणविणे हे अज्ञान आहे. खुद्द अय्यंगारांचा राग प्रसिद्ध होता आणि विद्यार्थ्यांवर त्यांचा हातही पडत असे, हे त्यांच्या शिष्यांनीच सांगितले आहे. त्यांच्या प्रतिभेविषयी आमचा आदर त्यामुळे उणा होत नाही. पण त्या चापटीस गुरुप्रसाद म्हणून मखरात बसविण्यासही आम्ही तयार नाही. अहिंसा हे ज्या शास्त्राचे पहिले पाऊल आहे त्याच्या वर्गात शिष्यास 'मला हात लावू नका' असे म्हणण्याचा अधिकार असलाच पाहिजे. तिसरा दोष पैशाचा. परदेशांत आणि आपल्या मोठ्या शहरांत या साधनांचा असा बाजार मांडला गेला आहे की सामान्य माणसास वाटावे, रंगीत चटई आणि फेसाची वीट घेतल्यावाचून समाधी लागतच नाही. जी साधने गरिबाच्या देहासाठी वरदान ठरावयाची तीच श्रीमंताच्या दिवाणखान्याची शोभा झाली. नागपूरच्या जनार्दनस्वामींनी योगाभ्यासी मंडळाच्या द्वारे विनामूल्य शिकविण्याचा जो पायंडा विदर्भात पाडला, त्याकडे पुण्याच्या पद्धतीच्या अनुयायांनी जरूर पाहावे. पुण्याची नजर आणि नागपूरचा हात यांचा संगम झाला तर आम्हांस आणखी काही नको.

मग आम्ही मागतो तरी काय? फार थोडे मागतो. वणी हे लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मगाव. संस्कृताची आणि सार्वजनिक कार्याची येथे वाण नव्हती व नाही. २१ जूनच्या मैदानावर जो खर्च आणि खटाटोप होतो त्याचा काही अंश वर्षाच्या उरलेल्या दिवसांकडे वळवावा. शाळेची एक खोली सकाळी तासभर मोकळी मिळावी. तिला एक चांगली भिंत असावी; ती बहुधा असतेच. खुंटीस बांधलेला एक मजबूत दोर, शाळेच्याच चार खुर्च्या, घरोघरी पडलेल्या घोंगड्या, सुताराकडून तासून घेतलेले लाकडाचे ठोकळे, एवढ्यावर काम भागते. पंधराहून अधिक माणसे एका वेळी नकोत. त्यांत निदान पाच अशी असावीत ज्यांस मैदानात कोणी बोलावले नसते: एक वेचणीवाली, एक खाणकामगार, एक दमेकरी, एक गुडघे धरलेली आजी, आणि एक असा तरुण की ज्याची मान दिवसभर हातातील यंत्रात बुडालेली असते. आणि त्यांच्यासमोर असा शिक्षक असावा, जो फार बोलत नाही पण पाहतो. स्वतः शिकून आलेला, आपल्या ज्ञानाची मर्यादा ओळखणारा, आणि 'हे तुमच्यासाठी नाही, आधी डॉक्टरांस विचारा' असे सांगण्याचे धैर्य असलेला. असे शिक्षक कमी आहेत हे आम्हांस मान्य आहे. पण ध्वनिक्षेपक विकत घेतल्याने ते वाढणार नाहीत. दोन होतकरू मुलामुलींस शिकावयास पाठविल्याने वाढतील.

राहता राहिले ते वयोवृद्ध गृहस्थ. त्यांस आमची नम्र विनंती आहे की त्यांनी एकदा त्या खोलीत यावे. त्यांचीही कंबर धरते, हे आम्हांस ठाऊक आहे. पोथी घेऊन बसताना ते पाठीशी लोड घेतात. भाष्यकारांच्या भाषेत ते सोपाश्रयच म्हणावयाचे. म्हणजे ते आमच्या पक्षात केव्हाचेच आले आहेत, फक्त तो लोड जरा वर की खाली सरकवावा, एवढाच काय तो मतभेद उरला आहे.